नदीचा कर्ब, खाडीचें पाणी आणि आमचीं खारशेतें

मृगाचे पहिले दोन-चार जोराचे पाऊस झाले म्हणजे उरण-पनवेल भागांतील ओढ्यांस व नद्यांस जो पहिला पूर येतो, त्याचें पाणी तांबूस-काळसर असतें. हा रंग केवळ मातीचा नव्हे. त्यांत कुजलेला पाला, शेणखताचा अर्क, राबाची राख व कोळशी, आणि वर्षभर जमिनींत तयार झालेला गाळीव काळा अंश हीं सर्व मिसळलेलीं असतात. हें द्रव्य पुढें कोठें जाऊन पडतें व तेथें त्याचें काय होतें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. पाणी बांधाबाहेर गेलें कीं आपला व त्याचा संबंध संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु उरणसारख्या तालुक्यांत, जेथें भाताचें शेवटचें खाचर आणि खाडीची भरती यांच्यामध्यें एका मातीच्या बांधावांचून दुसरें कांहींच नाहीं, तेथें तरी ही समजूत टाकून दिली पाहिजे. नदीनें नेलेल्या या द्रव्याचा समुद्रकांठच्या पाण्यावर काय परिणाम होतो, उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत याविषयीं अलीकडे काय आढळलें आहे, आणि त्यांतून खारशेतीच्या धन्यानें कोणता बोध घ्यावा, हें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करीत आहों.

सेंद्रिय कर्ब म्हणजे काय

झाडें हवेंतील कर्बवायु (ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात) पानांवाटें घेतात, आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्यांतील कर्बापासून पान, लांकूड, मूळ व दाणा बनवितात. तीं पानें व मुळें कुजून, किंवा जनावराच्या पोटांतून शेणाच्या रूपानें येऊन, मातींत मिसळलीं म्हणजे त्यांतील कर्बास सेंद्रिय कर्ब म्हणतात. माती-परीक्षणाच्या पत्रकावर हा आंकडा शेंकडा अर्ध्याच्या खालीं असला तर जमीन या बाबतींत दुबळी, व पाऊणच्या वर असला तर चांगली समजतात. ओल धरून ठेवणें, माती भुसभुशीत राखणें व पिकास नत्र सावकाश पुरविणें हीं कामें मुख्यतः त्याच्याच जोरावर चालतात.

एक साधा हिशेब करून पाहावा. एक एकर जमिनीवरून केवळ एक मिलिमीटर जाडीची माती वाहून गेली, तर ती सुमारें चार घनमीटर, म्हणजे वजनानें पांच टनांच्या आसपास होते. त्या मातींत सेंद्रिय कर्ब शेंकडा एक धरला, तर पन्नास किलो कर्ब गेला. अशा मातींत कर्बाच्या सुमारें एक-दशांश ते एक-द्वादशांश नत्र असतो, म्हणून त्याबरोबर चार-पांच किलो नत्रही गेला. दहा किलो युरियांत असतो तितका हा नत्र होय. एक मिलिमीटर माती गेली हें डोळ्यांस दिसतही नाहीं. आणि जी वाहते ती नेहमीं वरची, म्हणजे सर्वांत कसदार माती असते.

नदींत तो कसा येतो

नदींतील सेंद्रिय कर्ब दोन रूपांनीं असतो. एक, पाण्यांत विरघळलेला, जो चहाच्या पाण्याप्रमाणें रंग देतो पण कापडांतून गाळल्यास मागें राहत नाहीं. आणि दुसरा, गाळाच्या कणांस चिकटलेला किंवा पालापाचोळ्याच्या तुकड्यांच्या रूपाचा. जगांतील सर्व नद्या मिळून दरसाल सुमारें चाळीस ते पन्नास कोटि टन सेंद्रिय कर्ब समुद्रास नेतात, व त्यांत या दोन्ही रूपांचा वांटा साधारण निम्मा-निम्मा असतो.

आमच्या भागापुरतें पाहूं. खंडाळ्याजवळच्या डोंगरांत उगम पावलेली पाताळगंगा खोपोलीवरून खालीं येते, आणि अंबा नदी पाली व नागोठणें यांवरून वाहते. या दोन्हींचें पाणी धरमतरच्या खाडींत जातें. ही खाडी करंजा व रेवस यांच्यामधून मुंबईच्या बंदरास मिळते. उत्तरेस गाढी नदी पनवेलच्या खाडीस मिळते. अशा रीतीनें उरणच्या दोन्ही अंगांस सह्याद्रीच्या पायथ्याचें पाणी येऊन खारें होतें. पाताळगंगेची गोष्ट थोडी निराळी आहे. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून लोणावळें, वळवण व शिरवटें येथील तलावांत सांठविलेलें घाटमाथ्याचें पाणी वीज निर्माण करून या नदींत सोडलें जातें. त्यामुळें भर उन्हाळ्यांतही तिला गोडें पाणी असतें. बाकीच्या ओढ्यांचा बहुतेक सर्व व्यवहार मात्र पावसाळ्याच्या चार महिन्यांतच उरकतो, आणि त्यांतही पहिल्या पुरांबरोबर उन्हाळ्यांत सांठलेला मोकळा पाला, शेण व राख एकदम निघून जाते.

राबाविषयीं येथें थोडें सांगणें अवश्य आहे. कोंकणांत रोपाच्या जागेवर पाला, गवत व शेण पसरून जाळण्याची चाल जुनी आहे. तिनें तणाचें बीं मरतें व राखेंतून पालाश मिळतें, हें खरें. पण जो पाला जमिनींत गेला असता त्याचा बराचसा कर्ब धुरावाटें हवेंत जातो, आणि उरलेली कोळशी उतारावरून वाहते. जगांतील नद्यांत विरघळलेला जो सेंद्रिय कर्ब आहे, त्याचा सुमारें एक-दशांश भाग हा जळालेल्या वनस्पतींपासून आलेला असतो, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें.

गोडें व खारें पाणी एकत्र आल्यावर

गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली म्हणजे गाळ तळाशीं बसतो, हें घरोघर ठाऊक आहे. नदीचें पाणी खाडींत शिरतांच समुद्राचें मीठ हेंच काम करतें. मातीचे अतिसूक्ष्म कण, जे गोड्या पाण्यांत तरंगत राहतात, ते खाऱ्या पाण्यांत एकमेकांस चिकटून जड होतात व खालीं बसतात. आणि त्यांस चिकटलेला कर्बही त्यांबरोबर बसतो. खाडीकांठचीं काळ्या चिखलाचीं खाजणें अशींच झालीं आहेत. ज्या खारजमिनींत आपण आज भात पिकवितों, ती जमीनही मूळची हाच गाळ होय. पूर्वजांनीं बाहेरकांठा घालून समुद्राचें पाणी अडविलें, उघाडी बसवून पावसाचें पाणी बाहेर काढलें, आणि मीठ धुऊन निघाल्यावर तेथें भाताचीं खाचरें केलीं. सह्याद्रीच्या उतारांनीं गमाविलेली माती खारशेतीस भांडवल म्हणून मिळाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

खाडींत आलेल्या कर्बाच्या पुढें तीन वाटा असतात. कांहीं भाग सूक्ष्म जंतु खातात, त्यांस लहान किडे व कोळंबी खातात, आणि त्यांवर बोईट, जिताडा, चिंबोरी यांची उपजीविका चालते. कांहीं भाग चिखलांत गाडला जातो, व तेथें प्राणवायु पोंचत नसल्यामुळें तो फार काळ टिकतो. उरलेला भाग ओहोटीबरोबर बाहेरच्या समुद्रांत जातो. यांपैकीं कोणती वाट किती चालते, यावर खाडीचें बरेंवाईट अवलंबून असतें.

प्राणवायूचा हिशेब

जंतु जेव्हां कर्ब खातात तेव्हां ते पाण्यांतील प्राणवायु घेतात व कर्बवायु बाहेर टाकतात. एक किलो कर्ब पूर्णपणें कुजण्यास सुमारें पावणेतीन किलो प्राणवायु लागतो. आमच्या खाडीच्या उबदार पाण्यांत एका लिटरांत साडेसहा-सात मिलिग्रॅमपेक्षां अधिक प्राणवायु सहसा मावत नाहीं. तेव्हां एक किलो कर्ब कुजवितांना सुमारें चार लाख लिटर पाण्यांतील सर्व प्राणवायु खर्च होतो. भरती-ओहोटी मोकळेपणानें चालू असली व वाऱ्यानें पाणी घुसळलें जात असलें, तर ही तूट भरून निघते. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवशीं पाणी चार ते पांच मीटर चढतें व उतरतें. खाडीचें हें दिवसांतून दोन वेळां होणारें धुणें हाच तिचा मोठा आधार आहे. जेथें पाणी कोंडतें, तेथें मात्र चिखल काळा पडून कुजक्या अंड्यासारखी घाण येऊं लागते, मासळी निघून जाते, आणि शिंपल्या व खेकडे मरतात.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. कुजण्यांतून निघालेला कर्बवायु पाण्यांत विरघळून सौम्य आम्ल बनतें. शिंपल्या व कालवें यांचीं कवचें चुन्याचीं असतात. पाणी आंबट होऊं लागलें म्हणजे लहान जिवांस कवच घालणें जड जातें. हवेंत वाढलेला कर्बवायु समुद्र आधींच शोषून घेत आहे; माणसानें हवेंत सोडलेल्या कर्बवायूचा सुमारें चौथा हिस्सा समुद्रांत जातो. त्यांत नदीच्या कर्बाची भर पडली म्हणजे किनाऱ्याजवळचें पाणी खुल्या समुद्रापेक्षां लवकर बिघडतें.

ध्रुवसमुद्रांत काय आढळलें

हीच क्रिया उत्तर ध्रुवाभोंवतालच्या समुद्रांत फार मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तो समुद्र जगांतील समुद्रांच्या पाण्याचा सुमारें शंभरावा हिस्सा आहे, पण जगांतील नद्यांच्या पाण्याचा जवळजवळ एक-नवमांश भाग त्यांत येतो. सैबेरियांतील ओब, येनिसी व लेना आणि कॅनडांतील मॅकेंझी या तिकडील मोठ्या नद्या होत. त्यांच्या खोऱ्यांतील जमीन हजारों वर्षें गोठलेली आहे, व त्या गोठलेल्या मातींत सुमारें दीड लाख कोटि किलोंच्या हजारपट, म्हणजे दीड हजार अब्ज टन, कर्ब सांठलेला आहे. आज हवेंत जितका कर्ब आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट हा सांठा भरतो. हवा तापत चालल्यामुळें ही माती वितळत आहे, व कांठ ढांसळून नद्यांत व समुद्रांत पडत आहेत. तिकडील नद्या दरसाल तीन कोटि टनांहून अधिक विरघळलेला सेंद्रिय कर्ब समुद्रास नेतात. आपल्याकडे मृगाचा पूर, तसा तिकडे मे-जून महिन्यांत बर्फ वितळल्याचा पूर येतो, व वर्षाच्या कर्बाचा मोठा वांटा त्याच थोड्या आठवड्यांत जातो.

याचे परिणाम दोन्ही प्रकारचे दिसले. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ध्रुवसमुद्रांत जी सूक्ष्म वनस्पति वाढते, तिच्या सुमारें एक-तृतीयांश वाढीस नद्यांनीं व ढांसळलेल्या कांठांनीं आणलेलीं द्रव्यें कारण आहेत. म्हणजे नदी ही त्या समुद्राचें खतही आहे. उलट पक्षीं, सैबेरियाच्या पूर्वेकडील उथळ समुद्राचें पाणी आंबट होत असून, जमिनीवरून आलेला व तेथें कुजणारा कर्ब हें त्याचें एक मुख्य कारण आहे, असें २०१६ सालीं दाखविण्यांत आलें. मॅकेंझी नदी ज्या ब्यूफोर्ट समुद्रास मिळते, तेथील प्रकार सर्वांत बोधप्रद आहे. थंड पाणी कर्बवायु अधिक शोषतें. म्हणून हा समुद्र हवेंतील कर्बवायु घेणारा असावा अशी अपेक्षा असते. परंतु २०२३ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंतील व इतर शास्त्रज्ञांनीं गणकयंत्रावर मांडलेल्या हिशेबावरून असें दिसलें कीं, नदीच्या मुखाजवळील त्या समुद्राचा आग्नेय भाग नदीच्या कर्बामुळें घेणारा न राहतां देणारा झाला आहे, व तो दरसाल सुमारें एक लाख तीस हजार टन कर्बवायु हवेंत सोडतो. जमिनीनें धरून ठेवावयाचें जें द्रव्य होतें, तें जमिनीनें सोडतांच समुद्रानेंही तें धरलें नाहीं.

आमच्या खाडीशीं तुलना

ध्रुवसमुद्राचें पाणी बर्फाइतकें थंड. त्यांत प्राणवायु आमच्या खाडीच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट मावतो, आणि जंतूंचें काम सावकाश चालतें. आमच्याकडे प्राणवायु थोडा, ऊब पुष्कळ, व कुजणें जलद. म्हणून तितकाच कर्ब आमच्या खाडीस अधिक लवकर जड जातो. त्यांत शहरांचें व कारखान्यांचें सांडपाणी याच बंदरांत येतें. तेव्हां खाडी बिघडण्याचा सर्व दोष शेतकऱ्याच्या माथीं मारणें न्याय्य होणार नाहीं. त्याचा वांटा त्यांत लहान आहे. पण तोटा मात्र त्याचा दुहेरी होतो. वरच्या शेतांतून कस जातो, आणि खालच्या खाडींतील जिताडा व कोळंबी कमी होते.

दुसरा भेद आमच्या बाजूचा आहे. ध्रुवाकडे खाडीकांठीं झाड नाहीं. आमच्याकडे तिवरांचीं व कांदळांचीं वनें आहेत. त्यांचीं मुळें भरतीच्या पाण्याचा वेग मोडून गाळ धरतात, व तो गाळ कर्बासह तेथेंच गाडला जातो. उष्ण प्रदेशांतील इतर जंगलांच्या तुलनेनें अशा वनांच्या चिखलांत दर हेक्टरीं कितीतरी अधिक कर्ब सांठतो, असें जगांत ठिकठिकाणीं झालेल्या मोजण्यांत आढळलें आहे. शिवाय समुद्राची पातळी हळूहळू चढत असतां, गाळ धरून जमीन उंच ठेवणारें व उधाणाची लाट बाहेरकांठ्यावर येण्यापूर्वीं तिचा जोर काढून घेणारें दुसरें साधन आपणांजवळ नाहीं. एकदां बांध फुटून खारें पाणी आंत आलें म्हणजे तें मीठ धुऊन निघण्यास पुढील कांहीं पावसाळे जावे लागतात, हें खारशेतीवाल्यास सांगावयास नको.

गेल्या पन्नास वर्षांत उरणच्या किनाऱ्याचें रूप फार पालटलें. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें. त्यापूर्वीं व नंतरही रस्ते, गोदामें व वसाहती यांसाठीं खाजणांवर व मिठागरांवर भराव पडले. जेथें भरावाखालून पाणी जाण्यास पुरेशी वाट ठेवली नाहीं, तेथें खाडीच्या फांट्यांचें धुणें बंद होतें, आणि वर सांगितलेला कोंडलेल्या पाण्याचा प्रकार सुरू होतो. पावसाळ्यांत हेंच पाणी उलट खाचरांत व गांवांत चढतें. तिवरांच्या रक्षणाविषयीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००५ सालीं अंतरिम व २०१८ सालीं अंतिम निकाल देऊन राज्यभर तोडीस व भरावास बंदी केली आहे. सार्वजनिक हिताच्या कामासाठीं तोड करावयाची झाल्यासही न्यायालयाची परवानगी लागते. बांधांच्या बाबतींत १९४८ सालीं मुंबई प्रांतानें खारजमिनींचा कायदा केला, व पुढें १९७९ सालीं महाराष्ट्रानें खारजमीन विकासाचा कायदा केला. कायदे आहेत, त्यांचा उपयोग करून घेणें गांवकीच्या हातीं आहे.

काय करावें

प्रथम वरकस जमिनीकडे पाहावें. उतारावर आडवे बांध घालून त्यांवर गवत व गिरिपुष्प लावावें. गिरिपुष्पाचा कोंवळा पाला चिखलणीपूर्वीं खाचरांत गाडल्यास कर्ब व नत्र दोन्ही मिळतात, व राबासाठीं जंगलाच्या फांद्या तोडण्याची गरज कमी होते. राब अजिबात सोडून देणें ज्यास शक्य नाहीं, त्यानें निदान जाळण्याची जागा लहान करावी, व राख पहिल्या पावसापूर्वीं मातींत मिसळावी.

दुसरें, उकिरड्याची जागा. पुष्कळ ठिकाणीं शेणाचा ढीग ओढ्याच्या वरच्या अंगास उघडा असतो, व पावसाळ्यांत त्याचा अर्क सरळ ओढ्यांत जातो. खड्डा उंचवट्यावर घेऊन त्याभोंवतीं मातीचा कठडा करावा व वर छप्पर किंवा झांप घालावा. यास पैसा जवळजवळ लागत नाहीं.

तिसरें, पहिल्या पुराचें पाणी. ज्या खाचरांत रोप तयार होत नसेल, त्याच्या बांधाचें तोंड पहिल्या पावसांत बंद ठेवावें. एक-दोन दिवस पाणी थांबलें तरी गाळ बसतो, व मग वरचें निवळ पाणी सोडतां येतें. खारशेतांत मीठ धुण्यासाठीं पाणी वारंवार बदलावें लागतें, हें आम्ही जाणतों. परंतु तेथेंही गढूळ पाणी न सोडतां निवळलेलें पाणीच उघाडीवाटें काढल्यास मीठ जाऊन गाळ राहतो.

चौथें, बाहेरकांठा व उघाडी. खेकड्यांनीं पाडलेलीं भोंकें पावसाळ्यापूर्वीं सर्वांनीं मिळून बुजवावीं, उघाडीच्या फळ्या तपासाव्या, आणि बांधाबाहेरील तिवरांस हात लावूं नये. बांधाची माती भरण्यासाठीं तिवरांच्या पुढचाच चिखल काढण्याची रीत फार घातक आहे. त्यानें बांधाचा पुढचा आधार जातो.

पांचवें, भरावाच्या कामांविषयीं ग्रामसभेनें दक्ष राहावें. नवा रस्ता किंवा वसाहत होत असल्यास खाडीचा कोणता फांटा कोठून जातो, उधाणास पाणी किती चढतें व मोरी किती रुंद पाहिजे, हें गांवच्या वृद्ध आगऱ्यांस व कोळ्यांस जितकें ठाऊक असतें तितकें नकाशावर क्वचितच असतें. तें लेखी स्वरूपांत वेळेवर देणें हें गांवाचें कर्तव्य आहे, कारण भराव पडून गेल्यावर तक्रारीचा उपयोग थोडा.

कोणी शंका घेईल कीं, खाडीचे जीव जर नदीच्या कर्बावर जगतात, तर तो शेतांत अडविल्यानें मासळीस अन्न कमी पडणार नाहीं काय? याचें उत्तर असें कीं, खाडीस लागणारें अन्न डोंगरांतील जंगलें व तिवरांचा गळणारा पाला यांतून वर्षभर थोडें थोडें मिळत असतें, व तेंच तिला पचतें. उघड्या पडलेल्या शेताचा कस पहिल्या चार पुरांत एकदम आला म्हणजे तो तिला पचत नाहीं. त्यासाठीं शेतकऱ्यानें कसदार माती गमवावी असें मुळींच नाहीं.

येत्या वैशाखांत आमच्या वाचकांनीं आपल्या शेताच्या सर्वांत खालच्या तोंडाशीं एक लहान खड्डा खणून ठेवावा, व पहिल्या पुरानंतर त्यांत किती गाळ बसला तें मोजून पाहावें. तो गाळ तसाच उचलून खाचरांत परत टाकतां येतो, आणि पुढच्या वर्षीं वरकस जमिनीवर किती बांध घालावयास हवे याचाही अंदाज त्यावरून बसतो.